उपवन ते येऊर: आधी दोनदा पायी, मग सायकल

आमच्या बिल्डिंगमधल्या तिघांनी एकाच महिन्यात नवीन सायकली घेतल्या आणि तिघांचाही पहिला प्रश्न एकच, येऊर (ठाण्यातला, उपवन तलावासमोरचा डोंगर) कधी चढायचं? मी तिघांनाही सांगितलं की आधी दोनदा चालत जाऊन या. एकाला राग आला, म्हणाला एवढे पैसे घालून सायकल घेतली ती काय चालायला? पण मी हे मनापासून सांगतो, कारण चालताना रस्ता पायाला कळतो, कुठल्या वळणावर वाळू साचलीय, कुठे बांबूचा पाला पडून डांबर निसरडं झालंय, माकडं कुठे बसतात, खड्डा वळणाच्या आधी आहे की नंतर, हे सगळं चालताना दिसतं आणि सायकलवरून खाली येताना बघायला वेळच मिळत नाही. दम काय, महिनाभरात वाढतो. मी इथे जी माणसं पडलेली पाहिली ती जवळजवळ सगळी उतारावर पडली, चढताना कोणी नाही.

तर आता सगळं नीट लिहितो.

उपवनला यायचं म्हणजे ठाणे स्टेशनच्या वेस्टला उतरायचं, टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस नाहीतर रिक्षा, आणि स्वतःच्या सायकलने येत असाल तर कॅडबरी जंक्शनवरून पोखरण रोड नंबर एक धरायचा, वर्तकनगर, शिवाईनगर करत सरळ तलावापाशी. सकाळी सहाला हा रस्ता मोकळा असतो, नऊनंतर मात्र शाळेच्या बसेस आणि ऑफिसची गर्दी, तेव्हा परतीचा हिशोब आधीच करून ठेवा. थंडीत लवकर पोचून उपयोग नाही कारण जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि अंधारात वर जायचं नाही (का ते पुढे सांगतो), मे-जूनमध्ये मात्र सहालाच उजेड होतो आणि नऊपर्यंत ऊन भाजायला लागतं, म्हणून उन्हाळ्यात पहाटेच निघा.

पहिलं काम तलावाला एक फेरी. आरामात चाललं तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि हा तुमचा वॉर्मअप. घाई करू नका इथे. सकाळी पाण्याच्या कडेला ढोकरी अगदी पुतळ्यासारखी बसलेली असते, मातकट रंगाची, दगडात दगड, आणि तुम्ही जवळ गेलात की उडताना एकदम पांढरीशुभ्र होते. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, खंड्या असतो. येऊरचा डोंगर समोर भिंतीसारखा उभा असतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर ढग टेकलेला असला की वरचा रस्ता ओला आहे, धुकं आहे हे इथूनच कळतं, मग सायकल खाली ठेवून चालत जायचं की नाही ते तिथेच ठरवा. सायकल फेरीच्या वाटेवर चालवू नका, तिथे आजी-आजोबा चालायला आलेले असतात, उतरून हातात धरून न्या. पाण्यात उतरायचं नाही, पाय धुवायला सुद्धा नाही, तलाव वरून शांत दिसला तरी कडेचा गाळ पाय धरून ठेवतो.

तलाव झाला की येऊरचा रस्ता. चढ सुरू होतो तिथे वनखात्याचा नाका आहे, तिथली पाटी वाचा आणि ड्युटीवर जे दादा असतील त्यांना विचारा, आज वरपर्यंत सोडतायत का, किती वाजेपर्यंत खाली यायचं. वेळा आणि नियम बदलत राहतात, मागच्या वर्षी काय होतं यावर वाद घालू नका. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे, सगळं उद्यान मिळून साधारण १०४ चौरस किलोमीटर, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जंगलात परवानगीशिवाय शिरता येत नाही. म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा, सायकल फक्त डांबरी रस्त्यावर. बाजूला कितीही छान पायवाट दिसली, कुणीतरी टायरचे ठसे सोडलेले दिसले, तरी आत घालायची नाही. जंगलातल्या पायवाटेने चालायचंच असेल तर वनखात्याची परवानगी आणि त्यांचा गाईड घेऊन जा, मानपाड्याला टिकुजीनीवाडीच्या बाजूला निसर्ग परिचय केंद्र आहे तिथूनही जंगलात चालायला जाता येतं, लहान मुलं बरोबर असतील तर मी तर आधी तिकडेच न्या म्हणेन.

अजून एक प्रश्न हमखास येतो, येऊरवरून आतल्या आत तुळशी तलावाला जाता येईल का. नाही. तुळशी आणि विहार हे दोन्ही मुंबईला पाणी देणारे तलाव, विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही याच जंगलाच्या पोटात आणि दोन्ही ठिकाणी सामान्य माणसाला प्रवेश बंद, शिवाय मगरी आहेत. मॅपवर रेषा दिसते म्हणून जाऊ नका. एवढ्या मोठ्या शहरात हे दोन तलाव दीडशे वर्षं टिकलेत ते तिथे कुणाला फिरकू दिलं नाही म्हणूनच, असं मला अगदी ठाम वाटतं, तेव्हा आपलं उपवन आपल्याला भरपूर आहे.

आता चालणाऱ्यांसाठी. रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. दोघं-तिघं तरी असा, एका मागे एक चाला. बूट ग्रिपवाले, चप्पल नको. पूर्ण पँट घाला, कितीही गरम होऊ दे, कारण डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात, त्यांच्यावरची बारीक सोनेरी लव वाऱ्याने उडते आणि कातडीला लागली की माणूस वेडा होतो. माझ्या भाचीला लागली होती गेल्या वर्षी, झुडपाला नुसता हात लावला तिने, शेंग मखमलीसारखी दिसते ना म्हणून. लागली तर चोळायचं नाही, हेच सगळ्यात महत्त्वाचं, चोळलं की लव अजून आत घुसते आणि पसरते. चिकटपट्टी असेल तर ती लावून सोडवून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि ते कपडे वेगळे धुवा. तेव्हापासून मी बॅगेत सेलोटेपचा छोटा रोल ठेवतोच.

पाणी माणशी एक लिटर, सायकलवर दीड. खाणं बॅगेच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत हातात लटकवून नको कारण माकडांना पिशवीचा आवाज कळतो आणि ती थेट येऊन ओढतात. ओढलीच तर सोडून द्या, खेचाखेची करू नका, दात दाखवून हसू नका, डोळ्याला डोळा लावू नका. आणि स्वतःहून काही म्हणजे काही खायला घालू नका. केळं दिलं की पुण्य मिळतं असं वाटणारी बरीच मंडळी गाडी थांबवून देतात, त्यामुळे माकडं रस्त्यावर येऊन बसतात, गाडीखाली येतात आणि सायकलवाला वळणावर अचानक समोर माकडाचं पिल्लू बघून ब्रेक दाबतो. मी एकदा एका काकांना हात जोडून सांगितलं होतं, ऐकलं त्यांनी.

बिबट्याचं विचारता सगळे. हो, आहेत, हे त्यांचंच घर आहे. इथले वारली लोक पिढ्यानपिढ्या वाघोबाला देव मानून त्याच्याबरोबर राहत आले आहेत. दिवसा रस्त्यावर दिसायची शक्यता कमी, पण पहाटेचा अंधार आणि संध्याकाळ ही त्याची वेळ, म्हणून अंधारात जायचं नाही. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही कारण बसलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटतो. उभं राहा, मुलाला उचलून घ्या, सायकल स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये धरा, मोठ्या आवाजात बोलत हळूहळू मागे या आणि त्याला जायला वाट ठेवा. कानात इयरफोन नको यासाठीच. चितळ जोरात भुंकल्यासारखं ओरडायला लागलं किंवा झाडावरची माकडं एकदम एकाच दिशेला बघून खाकरायला लागली तर थांबा, जवळपास काहीतरी आहे. आणि उरलेलं खाणं टाकून येऊ नका, कचऱ्याला कुत्री येतात, कुत्र्यांना बिबट्या येतो, आणि मग पाड्यावरच्या माणसांना त्रास होतो, तुम्ही तोवर घरी जाऊन झोपलेले असता. वन्यप्राण्याची काही अडचण असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, अपघाताला १०८, फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा, वर रेंज जाते-येते.

साप आहेत, घोणस, नाग, मण्यार, फुरसं सगळेच. पाल्यात हात-पाय घालू नका, दगडावर बसायच्या आधी बघा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, हात-पाय न हलवता स्थिर ठेवायचा आणि गाडी थांबवून थेट प्रतिविष असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला.

चला सायकलकडे. येऊरला महागडी सायकल लागते हा गैरसमज आहे, पण गिअर लागतात. पुढे पेडलजवळची छोटी चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागच्या चाकाचा मोठा स्प्रॉकेट (तिथली दातेरी चकती) हा कॉम्बो नीट पडतोय ना ते घरी स्टँडवर चाक फिरवून बघा. बिनगिअरच्या सायकलवर चढणारे पोरं आहेत पाड्यावरची, माझ्याच डोळ्यादेखत पुढे जातात, पण त्यांचे पाय वेगळे आणि ते रोज चढतात. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, कोरड्या रस्त्यावर त्यातल्या मोठ्या आकड्याच्या जवळपास (त्याच्या वर नाही), पावसात थोडी कमी. बरोबर एक स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी), छोटा पंप, ॲलन की (षटकोनी पाना). पंक्चरवाला वर मिळेल या भरवशावर जाऊ नका आणि ट्यूब बदलायला घरी एकदा तरी शिका, पहिल्या वेळेला अर्धा तास लागतो, तिसऱ्या वेळेला दहा मिनिटं. हेल्मेट हवंच, त्यावर चर्चा नको. मागे लाल ब्लिंकर दिवसासुद्धा चालू ठेवा, झाडीच्या सावलीत सायकल दिसत नाही गाडीवाल्याला.

चढताना सगळे एक चूक करतात, चढ सुरू झाल्यावर गिअर बदलतात. पायात जोर असताना चेन सरकवली की कडकड आवाज येतो आणि कधीकधी चेन उतरते, तुम्ही तिथेच आडवे. चढ दिसला की आधीच, सपाटीवर असतानाच हलका गिअर टाका. मग बसून, छोटे छोटे भराभर पेडल मारत जा, उभं राहून दणकट पेडल मारायचा मोह होतो पण दोन वळणांत पाय भरून येतात. बोलता येईल इतकाच वेग ठेवा, बोलता येत नसेल तर तुम्ही जास्त जोर लावताय. दम लागला तर थांबा, पण वळणावर नाही, सरळ पट्ट्यात डाव्या कडेला उतरून. नागमोडी चढू नका, मागून गाडी येते. पहिल्या चारपाच वेळा मी अर्ध्यात दोनदा थांबायचो, त्यात काही कमीपणा नाही, थांबलात की झाडं दिसतात. हिवाळ्यात पानं गळली की कांडोळाचं झाड बघा, खोड पांढरं गुळगुळीत, हात लावला तर कागदासारखी साल सुटते. फेब्रुवारी-मार्चला पळस, काटेसावर आणि पांगारा फुललेले, सगळं लालभडक आणि त्यात पक्ष्यांची नुसती भांडणं. कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ ला फुलली तेव्हा डोंगर जांभळा झालेला. फुलं तोडू नका, एवढी वर्षं थांबून ती एकदाच फुलते आणि बी टाकून मरते.

वर गेलात की येऊर गाव, पाटोणापाडा आणि बाकीचे पाडे लागतात. ही लोकांची घरं आहेत. सायकल हळू करा, कोंबड्या, शेरडं, लहान मुलं रस्त्यावर असतात, एखादी आजी अंगणात सारवत असते, राम राम म्हणा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. तिथे एअर फोर्सचं स्टेशनही आहे, त्या बाजूला फोटो-व्हिडिओ, ड्रोन असलं काही नाहीच. मे महिन्यात पाड्यावरच्या बायका पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, सुट्टे पैसे ठेवा आणि घासाघीस करू नका, ती करवंदं काट्यांतून एक एक काढलेली असतात. मागच्या मे मध्ये एका मावशींनी मला द्रोण देताना हात पुढे केला, मनगटापासून कोपरापर्यंत बारीक ओरखडे, काही ताजे, त्यावर करवंदाचा चीक वाळून पांढरा झालेला. मी दोन द्रोण घेतले, त्यांनी वर मूठभर जास्त टाकली.

आता उतार. हा भाग दोनदा वाचा.

माझा किस्सा सांगतो. एका दुकानातून सर्व्हिसिंग करून सायकल आणली, घरी काही तपासलं नाही, दुसऱ्या दिवशी येऊर. चढताना ब्रेक लागत नाहीत त्यामुळे काही कळलं नाही. उतरताना दुसऱ्या वळणाच्या आधी मागचा ब्रेक दाबला तर लिव्हर पूर्ण हँडलला टेकला, काही पकडलंच नाही. ब्रेकचा पॅड (चाकाची रिम दाबून धरणारा रबराचा तुकडा) तिरका बसवला होता, तो रिमवरून खाली सरकून गेला होता. पुढचा ब्रेक हळूहळू दाबत, एक पाय रस्त्याला घासत मी कडेच्या मातीत घातली सायकल. गुडघा फुटला, बाकी काही नाही, पण समोरून त्या वेळी टेम्पो आला असता तर, हा विचार मला पुढे कितीतरी दिवस झोपताना यायचा. तेव्हापासून नियम केलाय, वर पोचल्यावर उतरायच्या आधी सायकल थांबवून पॅड डोळ्याने बघायचे, रिमच्या मधोमध बसतायत का, आणि पुढचा-मागचा ब्रेक एक एक दाबून सायकल ढकलून बघायची, चाक अडलं पाहिजे. एक मिनिटाचं काम आहे. तुम्हीही करा, प्लीज.

उतरताना वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणात जोरात ब्रेक दाबला की चाक सरकतं. दोन्ही ब्रेक एकत्र, दोन बोटांनी, दाबा-सोडा दाबा-सोडा, सतत दाबून ठेवला की रिम तापतं. वजन थोडं मागे, कोपरं सैल, पेडल रस्त्याला समांतर, आणि वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली. नजर चाकासमोर नाही, वळण जिथे संपतं तिथे. डावी बाजू सोडायची नाही, समोरचा गाडीवाला मधून येणार हे धरूनच चला, आणि वळणाच्या आधी घंटी. रविवारी पहाटे जरा जास्तच जपा, शनिवारी रात्री पार्टीला वर गेलेल्या गाड्या तेव्हा खाली येत असतात आणि चालवणारा जागरणाने पेंगत असतो.

पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी सायकल नेत नाही, फक्त चालतो. डांबराच्या कडेला शेवाळं धरतं, वरून माती वाहून येते, आणि रिम ब्रेक ओला असला की पहिले काही क्षण पकडतच नाही. डिस्क ब्रेक असेल तर जरा बरं, पण टायर तर सगळ्यांचा सारखाच घसरतो. पण चालायला पावसाळ्यासारखा सीझन नाही. शीळकरी कस्तूर हा पक्षी सकाळी शीळ घालतो, अगदी शाळेतला पोरगा रमतगमत शीळ घालत चाललाय असं वाटतं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून माणूस शोधत होतो. झाडांमध्ये मोठ्या कोळ्यांची जाळी असतात, तोंडावर येतात, पुढच्याने काठी धरून चालावं. धबधबे, ओढे यांच्यात उतरू नका, वर पाऊस पडला तर खाली काही कळायच्या आत पाणी वाढतं, आणि पावसाळ्यात अशा ठिकाणी बऱ्याचदा बंदीचे आदेशही असतात.

आवाज. मोबाईलवर गाणी लावून चालणारे दर रविवारी भेटतात, ब्लूटूथ स्पीकर सायकलला बांधून येतात. नका करू. भृंगराज नावाचा काळा पक्षी आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसं, तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, एकाच फांदीवर बसून पाच-सहा आवाज काढतो. पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तर ऐकायला मिळेल. स्पीकर लावला तर तो दिसेल सुद्धा नाही.

घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवून अंघोळीला पळू नका. आधी फडक्याने चेन पुसा, येऊरची लाल माती चेनमध्ये राहिली की पॉलिशपेपरसारखं घासते, मग चेनच्या प्रत्येक कडीवर एक एक थेंब ऑइल आणि जास्तीचं पुसून टाका. ब्रेक पॅडवर खाचा असतात त्या अजून दिसतायत का बघा, दिसत नसतील तर पुढच्या रविवारच्या आधी पॅड बदला. रिमला ऑइलचा हात लागू देऊ नका, लागलाच तर साबणाच्या पाण्याने धुवा आणि कोरडं झाल्यावर खाली गल्लीतच ब्रेक मारून बघा.